केनियात यायचं ठरलंय? मग आधी पिवळं कार्ड हातात घ्या

मी नैरोबीत राहतो म्हटलं की गावाकडून पहिला प्रश्न ठरलेला असतो: "काऊन रे, तिथं दिवसाढवळ्या लुटते म्हणे?" ऑगस्टमध्ये डवरणी-निंदण आटोपलं की काका-काकू आणि दारव्ह्याकडची आणखी काही मंडळी इकडे येणार आहेत, म्हणून सगळं एकदाच लिहून काढतो. चोरांची काळजी जरूर करा, पण त्याआधी कागदांची करा.

सगळ्यात आधी पीतज्वराची, म्हणजे यलो फीव्हरची लस. ती तालुक्याच्या कोणत्याही दवाखान्यात टोचून मिळत नाही. केंद्र सरकारने मान्यता दिलेली ठरावीक केंद्रं आहेत, तिथेच जावं लागतं. टोचल्याचा दाखला म्हणजेच पिवळं कार्ड; टोचल्यावर १० दिवसांनी तो लागू होतो आणि मग तो आयुष्यभर चालतो. माझा एवढा आग्रह परतीच्या प्रवासासाठी आहे, कारण या बाबतीत आपला भारत फार कडक आहे. केनियाहून मुंबईला उतरल्यावर हे पिवळं कार्ड दाखवता आलं नाही, तर ६ दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. हा नियम योग्यच आहे. पीतज्वर आपल्याकडे नाही, पण तो पसरवणारा एडिस डास, म्हणजे डेंग्यूचाच डास, आपल्या घराघरांतल्या टाक्या-रांजणांत वाढतो. काकाजी, तुम्ही साठी ओलांडली आहे. या वयात लसीचा गंभीर त्रास होण्याचा धोका थोडा जास्त असतो, म्हणून आधी डॉक्टरांशी बोला, मगच तिकीट काढा. कुणाला अंड्याची ॲलर्जी असेल तर तेही सांगा.

जानेवारी २०२४ पासून केनियाने व्हिसाऐवजी ईटीए ही ऑनलाइन परवानगी सुरू केली आहे. अर्ज सरकारी संकेतस्थळावरच करा. त्यासारखी दिसणारी खासगी संकेतस्थळं जास्तीचे पैसे घेतात. पासपोर्टची मुदत किमान ६ महिने शिल्लक हवी. परतीचं तिकीट आणि राहण्याचा पत्ताही जवळ ठेवा.

आता सामान. काकू जवसाची चटणी, कुरड्या, मुगवड्या आणणार हे मला माहीत आहे, आणि आणाच. फक्त पन्नीत बांधू नका. ऑगस्ट २०१७ पासून इथे प्लॅस्टिकच्या कॅरीबॅगवर बंदी आहे आणि कायद्यात जबर दंडाची, अगदी तुरुंगाचीही तरतूद आहे. डबे आणि कापडी पिशव्या बऱ्या. तुरीचं किंवा भाजीचं बियाणं मात्र कुणासाठीही आणू नका, त्याला वेगळी परवानगी लागते. स्वेटर हवाच! नैरोबी समुद्रसपाटीपासून सुमारे १,८०० मीटर उंचावर आहे, जुलै-ऑगस्टमध्ये सकाळी चांगलाच गारठा असतो.

लुटीबद्दल सांगायचं तर, इथल्या मटाटूत, म्हणजे आपल्या काळीपिवळीसारख्या गाडीत, खिडकीशी बसून फोनवर बोललात की बाहेरून हात येतो आणि फोन जातो. सोन्याचं मंगळसूत्र घरीच ठेवा, साध्या काळ्या पोतीवर या. अंधार पडल्यावर पायी फिरायचं नाही, ॲपवरून टॅक्सी बोलवायची. मोर्चाचा दिवस असेल तर घरातच थांबायचं. २५ जून २०२४ ला करवाढीविरुद्धचं आंदोलन थेट संसदेत घुसलं होतं आणि गोळीबारात माणसं गेली होती. सोमालियाच्या सीमेकडचा भाग आपल्या बेतात नाहीच. बाकी इथली माणसं मायाळू आहेत, वाट विचारली तर सोबत चालत येतात.

शेवटचं आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. नैरोबीत मलेरिया फारसा नाही, पण आपण मसाई मारा आणि मोंबासालाही जाणार आहोत. त्यासाठी डॉक्टरांनी दिलेल्या प्रतिबंधक गोळ्या परतल्यानंतरही सांगितलेल्या दिवसांपर्यंत घ्यायच्या, मध्येच सोडायच्या नाहीत. तुम्ही परत जाल तेव्हा गावात घरोघरी तापाची साथ असेल आणि तुमचाही ताप "व्हायरल" म्हणून निघून जाईल, याची मला खरी धास्ती वाटते. इथला मलेरिया बहुतांश फाल्सिपॅरम प्रकारचा, गडचिरोलीत माणसं दगावतात तो. उपचार लांबले तर एक-दोन दिवसांतच तो मेंदूपर्यंत जाऊ शकतो. परतल्यावर काही महिने कधीही ताप आला, तर डॉक्टरांना आधी "मी आफ्रिकेतून आलोय" हे सांगा आणि त्याच दिवशी रक्त तपासून घ्या.