सहा फूट दोन, नंबर सहा

आठवडी बाजारातला चपलावाला मला वरून मोजतो. माझं डोकं त्याच्या ताडपत्रीला लागलेलं असतं, म्हणून न विचारताच दहा नंबरचा जोड पुढे टाकतो. ‘सहा दाखवा’ म्हटलं की विचारतो, ‘पोट्ट्यासाठी काय?’ ‘माह्यासाठीच.’ मग तो वाकून माझे पाय पाहतो, आणि शेजारच्या भांडेवाल्यालाही दाखवतो.

इंग्रजी मापात एका नंबराचं अंतर म्हणजे जवाचा एक दाणा, इंचाचा तिसरा हिस्सा. माझ्या उंचीला चार-पाच दाणे कमी पडले, एवढंच काय ते!

पावसाळ्यात मात्र ते महागात पडतात. आमची काळी माती ओली झाली की फुगते, चिकटते. वजन पुरं आणि टेकायला जागा अर्धी. दुसऱ्याचा पाय घोट्यापर्यंत जातो तिथे माझा पोटरीपर्यंत. उपसला तर चप्पल आतच. अनवाणी चाललो तर दहा पावलांत तळव्याला एवढी माती बसते की धुऱ्यावर पोचेस्तोवर माझेही पाय नऊ नंबरचे होतात.

एकदा ओलित दिलेल्या वावरातून मी आमचाच हरभरा उपटून आणला. सकाळी शेजारचे आजोबा वाफ्यात उकिडवे बसलेले. एका ठशावर त्यांनी वीत ठेवून पाहिली आणि निकाल दिला, ‘पोट्ट्याचं काम हाये हे. बारा-तेरा वर्साचं असन.’ मी मागे उभा. माझी सावली त्यांच्याही पुढे पार पाटापर्यंत गेलेली. काय बोलणार? ‘असन’, म्हणालो. त्या दिवशी गल्लीतल्या दोन पोट्ट्यांनी विनाकारण बोलणी खाल्ली. संध्याकाळी दोघांना गोळ्या-बिस्किटं दिली. कशाबद्दल, ते सांगितलं नाही.

बापाची चप्पल पोराला आली की पोराशी मित्रासारखं वागावं, म्हणतात. बाबांच्या वहाणा मला कधीच भरल्या नाहीत, त्यामुळे आमची मैत्री राहूनच गेली. माझ्या पोराने मात्र सातवीतच मला मागे टाकलं. जूनमध्ये घेतलेले त्याचे शाळेचे काळे बूट दिवाळीला त्याला बोटांशी दाटू लागले. आई म्हणाली, देऊन टाक कोणाला तरी. मी घालून पाहिले.

आता ग्रामसभेला तेच घालतो. आत त्याने पेनाने वर्ग आणि तुकडी लिहून ठेवली आहे, म्हणून बूट काढताना तेवढे भिंतीकडे तोंड करून ठेवतो.