मायच्या वाटणीची वारी

नगर जिल्ह्यातल्या हरेगावला चालत जाणारी आमच्या घरात माय, मी नाही. 8 सप्टेंबर हा मरियामातेचा जन्मदिवस, त्याला धरून शनिवार-रविवारी तिथं मतमाउलीची, म्हणजे मरियामातेचीच, यात्रा भरते, 1949 पासून चालू आहे, आणि आमच्या वैजापूर-गंगापूरकडची ख्रिस्ती माणसं पायी निघतात. यंदा मायचा गुडघाच धरला. म्हणे, तू जा माझ्या वाटणीचं.

खरं सांगायचं तर मी वर्षभर चर्चची पायरी चढलो नव्हतो. मोटार रिवाइंडिंगचं दुकान होतं माझं, पार्टनरनं पैसे बुडवले, हप्ते थकले, मग फायनान्सवाल्यांचे दिवसाला पंधरा-पंधरा फोन, शेवटी मी फोन सायलेंटवर टाकला आणि शटर अर्धं ओढून जळक्या कॉइलच्या वासात नुसता बसून राहायचो. प्रार्थनेला बसलं की तोंडातून शब्दच निघायचा नाही. जो तो म्हणायचा विश्वास ठेव. ठेवलाच होता की, तरी व्हायचं ते झालंच ना!

तर शुक्रवारी पहाटे चारला निघालो, बावीस माणसं, मागं टेम्पोत सामान आणि भोंगा. रात्री पाऊस पडून गेलेला, जिथं डांबर उखडलंय तिथं काळी माती चपलेला अशी चिकटायची की एकेक पाय दोन-दोन किलोचा. दोन्ही बाजूला कपाशी, मधे कुठं कणसाला आलेली बाजरी. शुक्रवार म्हणून जपमाळेच्या प्रार्थनेत दुःखाची रहस्यं, म्हणजे येशूच्या दुःखाचे प्रसंग. पहिलंच गेथशेमनी बागेचं. येशू सांगतो माझा जीव मरणाएवढा खिन्न झालाय, जरा जागे राहा माझ्यासोबत, आणि हे शिष्य खुशाल झोपलेले. लहानपणापासून हजारदा ऐकलं असेल, पण त्या दिवशी 'नमो मरिये कृपापूर्णे' म्हणता म्हणता माझा आवाजच बसला. खिन्न तर तोही झाला होता, आणि तसं बोलूनही दाखवलं त्यानं. मी तर बायकोलाही बोललो नव्हतो.

दुपारपर्यंत टाचेला हा एवढा फोड. लंगडत लंगडत सगळ्यांच्या मागं पडलो, वाटलं टेम्पोत बसावं नाहीतर सरळ घरची एसटी धरावी. आमच्यात एक म्हाताऱ्या आत्या आहेत, दरवर्षी चालतात, त्यांनी लिंबाखाली बसवलं, माझा पाय मांडीवर घेतला (मी लाजून मागं ओढत होतो), सुईत दोरा ओवला आणि फोडातून आरपार काढून दोन्हीकडून टोकं तशीच सोडली. पाणी दोऱ्यावाटे निथळतं आणि वरची कातडी सोलत नाही, वारीतला जुना उपाय आहे हा.

हात चालू ठेवून म्हणाल्या, "बायबलातला एलिया संदेष्टा ठाऊक ना तुला? झुडपाखाली पडला, म्हणला देवा पुरे झालं, आता मरण दे. मग देवदूतानं काय केलं?"

म्हटलं, "धीर दिला असंल."

"कशाचा धीर! भाकर दिली न् पाणी. जेवला, झोपला. परत उठवलं, परत खायला घातलं, म्हणला वाट लांबची हाये. खा मुकाट्यानं."

आणि फडक्यातली बाजरीची भाकर अन् ठेचा माझ्या हातावर ठेवला. घरी येऊन बायबलातल्या 'पहिले राजे' पुस्तकाचा 19 वा अध्याय काढून बघितला, अगदी तस्संच आहे, देवानं त्याला कामाचं विचारलं ते नंतर, चाळीस दिवस चालून होरेब डोंगराला पोचल्यावर. मी मात्र त्या लिंबाखाली खाल्लं आणि तिथंच तासभर गाढ झोपलो, कित्येक महिन्यांनी.

गोदावरीचा पूल ओलांडला की मराठवाडा संपतो, नगर जिल्हा लागतो. पलीकडं एका माळकरी बाबांनी घरापुढं पाण्याचा ड्रम ठेवलेला, "या माउली" म्हणून सगळ्यांना तांब्या भरून देत होते. त्यांची माउली वेगळी, आमची वेगळी, पण फोड सारखेच!

शनिवारी हरेगावात पोचलो. ही गर्दी. मायची मेणबत्ती घेऊन लाइनीत उभा होतो तर खिशात फोन थरथरला आणि सवयीनं पोटात गोळा आला. जरा वेळानं काढून पाहिला तर माय.

"पोचला का? जेवला का?"

म्हटलं, "नाही अजून, लाइनीत हाये, आधी मेणबत्ती लावतो."

तर म्हणे, "आधी जेव रे बाबा. मतमाउली काय पळून चालली का!"