परभणीच्या फलाटावर ५०० मीटरची गाडी

परभणीचा फलाट ४०० मीटर धरा, उभी गाडी ५०० मीटर. ती प्रकाशाच्या ०.६ पट वेगाने आली तर गॅमा (सापेक्षतावादात धावत्या वस्तूची लांबी जितक्या पटीनं आकसते तो आकडा) १.२५, फलाटावरून मोजली तर नेमकी ४०० मीटर, दोन्ही टोकं एकाच क्षणी जुळतात. गाडीतल्यांना मात्र फलाटच ३२० मीटरचा! मग गाडी मावली कशी?

पोरं इथंच अडकतात: लांबी आकसवतात, पण ‘एकाच क्षणी’ तसंच ठेवतात. म्हणून आधी दोन घटना मांडा: इंजिनाचं टोक फलाटाच्या पुढच्या टोकाशी जुळणं आणि गार्डाचा डबा मागच्या टोकाशी जुळणं. फलाटावर अंतर ४०० मीटर, वेळेचा फरक शून्य. आता गाडीतला वेळेचा फरक म्हणजे गॅमा गुणिले वेग गुणिले अंतर, भागिले प्रकाशवेगाचा वर्ग: १ मायक्रोसेकंद. गाडीतून पाहता इंजिनाचं टोक आधी जुळतं, गार्डाचा डबा १ मायक्रोसेकंदानं नंतर. ताळा घ्याच: ५०० वजा ३२०, उरलेले १८० मीटर, वेग सेकंदाला १८ कोटी मीटर. तंतोतंत १ मायक्रोसेकंद.