पहाटे साडेपाच ते रात्री साडेनऊ

आज दिवसभर मेरी एलायझा माहोनी डोक्यातून गेल्या नाहीत. बॉस्टनच्या ज्या रुग्णालयात १५ वर्षं स्वयंपाक, धुणं, फरशी पुसणं केलं, तिथंच १८७८ मध्ये, वयाच्या ३३व्या वर्षी, त्या नर्सिंग शिकू लागल्या. अभ्यासक्रम १६ महिन्यांचा. ड्युटी पहाटे साडेपाच ते रात्री साडेनऊ! मेडिकल, सर्जिकल, बाळंतपण असे सगळे वॉर्ड, शिवाय लोकांच्या घरी जाऊन रुग्णसेवा. ४२ जणींतल्या जेमतेम चौघी टिकल्या. अमेरिकेतली पहिली प्रशिक्षित कृष्णवर्णीय नर्स ती हीच.

कृष्णवर्णीय नर्सेसनी १९०८ मध्ये स्वतःची राष्ट्रीय संघटना काढली. पुढच्याच वर्षी चर्चला नेमाने जाणाऱ्या माहोनींकडे संघटनेतल्या प्रार्थनेची जबाबदारी आली. १९२० मध्ये बायकांना मताचा हक्क मिळाला, तेव्हा पंचाहत्तरीतल्या माहोनींनी लगोलग मतदार म्हणून नाव नोंदवलं.