अनिस एन्ल्लीचं कळसदर्शन

2017 साली मावशीबरोबर आळंदीहून चालत पंढरपुरात पोचले, तेव्हा दर्शनबारी गोपाळपूरच्याही पुढे गेली होती. माझी सुट्टी संपत आलेली, परतीचं विमान दोन दिवसांवर. मी रडकुंडीला आले. मावशीनं गर्दीतच मला खांद्याला धरून वळवलं आणि म्हणाली, "तो बघ कळस. हात जोड. पोचलीस तू."

गेल्या मे महिन्यात वेल्समध्ये चालताना ही गोष्ट शेवटच्या दिवसापर्यंत माझ्या डोक्यातसुद्धा नव्हती.

मी लिव्हरपूलला राहते. माझ्या वॉर्डातली एक सहकारी वेल्सच्या ल्लीन द्वीपकल्पातली, घरी वेल्शच बोलणारी. वारीचं मी तिला सांगत होते, तेव्हा ती म्हणाली, "आमच्याकडेही वाट आहे." उत्तर वेल्समध्ये बेसिंगवर्कच्या पडक्या मठापासून निघायचं आणि पश्चिमेच्या टोकाला, समुद्रातल्या अनिस एन्ल्ली या बेटावर पोचायचं. अंतर साधारण 130 मैल, म्हणजे 210 किलोमीटरच्या आसपास. बेटावर वीस हजार संत पुरले आहेत अशी श्रद्धा. तीनदा एन्ल्लीला गेलं की एकदा रोमला गेल्याचं पुण्य, असं जुने लोक म्हणत. सोळाव्या शतकात राजानं मठ मोडले आणि ही यात्रा थांबली. अलीकडे गावोगावच्या लोकांनी वाट पुन्हा आखली, खांबांवर खुणा ठोकल्या. यात्रेकरूला एक छोटा पासपोर्ट मिळतो, वाटेतल्या देवळांत त्यावर शिक्के मारायचे.

चौदा दिवसांची रजा काढून आम्ही दोघी निघालो. दिंडी दोघींचीच. टाळ नाही, पखवाज नाही, पाण्याचा टँकर नाही. पहिले दोन दिवस मला ती शांतता झेपली नाही. वारीत पाय आपले आपण पडतात, मागचा पुढच्याला ढकलत नेतो. इथे प्रत्येक पाऊल मलाच टाकावं लागत होतं. तिसऱ्या दिवशी मी मोठ्यानं हरिपाठ म्हणायला लागले, आणि मैत्रीण तिच्या आजीची वेल्श स्तोत्रं म्हणायला लागली. मग जमलं.

गावांची नावं तिनंच मला शिकवली. 'ल्लान' म्हणजे देवळाचं आवार. ते म्हणायचं तर जीभ 'ल'च्या जागी टेकवायची आणि बाजूनं नुसती हवा सोडायची. 'बुल्ख' म्हणजे खिंड, 'अबर' म्हणजे नदीचं मुख, 'फनॉन' म्हणजे झरा, विहीर. एवढं कळल्यावर नकाशा वाचता यायला लागला, जसं आपल्याला बुद्रुक, खुर्द, वाडी यावरून गाव कळतं.

पहिलं मोठं तीर्थ त्रेफनॉन, इंग्रजीत होलीवेल. ग्वेनफ्रेवी नावाच्या मुलीवर काराडोग नावाच्या माणसानं जबरदस्ती करायचा प्रयत्न केला, तिनं नकार दिला तर त्यानं तिचं डोकं उडवलं. डोकं पडलं तिथे झरा फुटला. तिचा मामा संत बेइनो धावत आला, डोकं धडाला लावलं आणि ती उठून बसली. ही सातव्या शतकातली कथा. ताऱ्याच्या आकाराच्या दगडी कुंडात आजही माणसं उतरतात. बऱ्या झालेल्यांनी सोडून दिलेल्या कुबड्या तिथल्या संग्रहालयात ठेवल्या आहेत. खाणीतलं पाणी काढायला खणलेल्या बोगद्यामुळे 1917 साली हा झरा एकाएकी आटला होता. मग जमिनीखालच्या दुसऱ्या प्रवाहाचं पाणी तिथे आणलं. हे ऐकून मला वाईट वाटलं, पण कुंडाशी गुडघे टेकून बसलेल्या एका म्हाताऱ्या बाई पाण्यात हात बुडवून डोळे मिटून बसल्या होत्या, त्यांच्याकडे बघून ते वाईट वाटणं गेलं. चंद्रभागेला तरी धरणाचं पाणी सोडतातच की आषाढीला.

ल्लानेल्वीच्या छोट्याशा कॅथेड्रलमध्ये काचेखाली 1588 सालचं बायबल आहे. विल्यम मॉर्गननं केलेलं, संपूर्ण बायबलचं पहिलं वेल्श भाषांतर. देवाचा शब्द लोकांच्या भाषेत आला म्हणून आमची भाषा टिकली, असं मैत्रीण म्हणाली. शके 1212 मध्ये नेवाशाला काय झालं ते मी तिला सांगितलं. नऊ हजार ओव्या, आणि लिहिणारा अजून विशीतही नीट न आलेला, हे ऐकल्यावर ती बराच वेळ काही बोलली नाही.

पुढचे तीन दिवस कुरणं, मेंढ्या, कुंपणं ओलांडायच्या लाकडी पायऱ्या आणि पाऊस. ल्लानरूस्टला राजा ल्लवेलिनची रिकामी दगडी शवपेटी बघितली. तो 1240 मध्ये गेला. पेटी उरली, तो कुठे आहे कोण जाणे.

रोवेन गावातून आम्ही मुद्दाम वाट वाकडी करून ल्लानगेलनिनला चढलो. मोटाररस्ता तिथवर जात नाही. डोंगराच्या कुशीत, साधारण नऊशे फुटांवर, दगडी कुंपणाच्या आत एक बुटकं देऊळ. दाराला कुलूप नाही. आत शिरल्यावर ओल्या दगडाचा आणि जुन्या लाकडाचा वास आला, आमच्या गावच्या भैरोबाच्या गाभाऱ्यात पावसाळ्यात येतो तसाच. पूर्वेच्या भिंतीवर चुन्यातून वर आलेली वेल्श अक्षरं, दहा आज्ञांची, आणि त्यांच्यापाशी रंगवलेली एक कवटी. एका बाजूच्या खोलीत अजून मातीचीच जमीन. मी बूट काढून त्या मातीवर उभी राहिले. गार होती, पण घरची वाटली.

आवाराच्या कोपऱ्यात संत केलिनिनची विहीर आहे. विहीर म्हणजे दगडांनी बांधून काढलेलं लांबट चौकोनी टाकं, उभं राहिलं तर पोटरीभर पाणी. आजारी लेकरांना इथे आणून बुडवायचे. मग लेकराचं कापड पाण्यावर टाकायचे. तरंगलं तर लेकरू जगणार, बुडालं तर नाही. मी लहान मुलांच्या वॉर्डात काम करते. मॉनिटरच्या आकड्यांकडे डोळे लावून बसलेल्या आया मी रोज बघते. त्या टाक्याच्या कडेला, शेवाळ आलेल्या दगडावर बसून मला दिसत होती ती एवढा डोंगर चढून आलेली कोणी आई, कडेवर तापानं फणफणलेलं पोर, आणि पाण्यावर टाकलेलं ते कापड. ते कापड हळूहळू भिजत असताना तिला काय होत असेल. त्या अर्ध्या तासात आम्ही दोघी काही बोललो नाही. निघताना मी थोडं पाणी डोळ्यांना लावलं आणि वॉर्डातल्या एका बाळाचं नाव मनात घेतलं.

दुसऱ्या दिवशी बुल्ख अ देइवाइन, दोन उभ्या दगडांची खिंड. इथून रोमन सैन्याचा रस्ता गेला, आणि ते दोन दगड रोमनांच्याही कितीतरी आधीचे. धुकं इतकं उतरलं की दगड समोर येईपर्यंत दिसेना. आम्ही वाट चुकून तासभर दलदलीत फिरलो, बूट आतून भरले. कुत्रा घेऊन मेंढ्या बघायला आलेल्या एका शेतकऱ्यानं आम्हाला खिंडीपलीकडे आणून सोडलं, खिशातली बिस्किटं दिली. नाव विचारलं तर हसून हात हलवून गेला. वारीत मी अशा माणसाला माउली म्हटलं असतं. त्याच्या पाठीकडे बघत तसं म्हटलंही.

बँगोर मागे पडलं, स्नोडनच्या डोंगरांना वळसा घातला आणि समुद्र दिसला. क्लनॉग वाउरला बेइनो पुन्हा भेटला. तोच मामा. इथे त्यानं मठ काढला, इथेच त्याची समाधी. एवढ्याशा गावात एवढं मोठं देऊळ बघून आधी नवल वाटतं, मग कळतं की एन्ल्लीला जाणाऱ्यांचा हा मोठा मुक्काम होता. आत एक पेटी आहे, अॅश नावाच्या झाडाचं एकच खोड कोरून केलेली. हात फिरवला तर जागोजाग गुळगुळीत लागते. पंचक्रोशीत ज्या वासराच्या, कोकराच्या कानाला जन्मतःच चीर असे, ती बेइनोची खूण मानत आणि ते जनावर त्याच्या नावानं देवळाला देत. त्याचा पैसा या पेटीत पडे. आपल्याकडे देवाच्या नावानं वळू सोडतात, ते मी सांगितल्यावर मैत्रीण म्हणाली, "मग तुम्हाला पेटी समजावून सांगायची गरजच नाही."

गावाबाहेर बेइनोची विहीर आहे. आजारी माणसानं तिथे अंघोळ करायची आणि रात्र त्याच्या थडग्यावर झोपून काढायची. अठराव्या शतकात थॉमस पेनंट हा प्रवासी इथे आला तेव्हा त्याला थडग्यावर पिसांची गादी दिसली होती. लांबून आलेला एक लुळा गरीब माणूस रात्रभर तिच्यावर झोपला होता. यात्रा बंद होऊन तेव्हा दोनशेहून जास्त वर्षं झाली होती, तरी लोक येतच होते. राजाच्या हुकमानं मठ पडतो, विहिरीकडे येणारी पायवाट मोडत नाही. या सगळ्या वाटेवर मला सर्वांत जास्त हेच जाणवत राहिलं.

त्रेर केइरीच्या डोंगरी किल्ल्यावर दीडशेच्या आसपास गोल दगडी घरांचे पाये आहेत. तिथे वारा उभं राहू देत नव्हता. खाली पिस्टिल्लचं बेइनोचंच इवलंसं देऊळ. वर्षातून तीन वेळा, नाताळ, ईस्टर आणि ऑगस्टच्या सुगीला, तिथल्या जमिनीवर लव्हाळं आणि वासाचा पाला अंथरतात. ईस्टरचा पाला सुकून कोपऱ्याकोपऱ्यात राहिला होता. चिमूटभर हातात चुरला, तुळशीच्या मंजिऱ्या चुरल्यावर येतो त्याच्या जवळचा वास आला.

चौदाव्या दिवशी अबरदारॉन. 'अ गेगिन वाउर', म्हणजे मोठं स्वयंपाकघर, ही तिथली मध्ययुगीन इमारत. होडीत बसण्याआधी यात्रेकरू इथे जेवत. आज तिथे चहा मिळतो. आम्ही चहा घेत असतानाच निरोप आला की वारा वाढलाय, होडी सुटणार नाही. उद्याही नाही. एन्ल्लीची खाडी दोन मैलांचीच, पण तिथले प्रवाह फार जबर. परवा माझी ड्यूटी होती.

मला तिथल्या बाकावरून उठवेना. मैत्रीण म्हणाली, "चल, फनॉन वाइरला तरी जाऊ." मेरीची विहीर. ब्राइख अ पुल्लच्या टोकाला, कड्याखाली, समुद्राच्या अगदी काठावर. ओहोटीची वेळ बघूनच उतरावं लागतं, आणि ओल्या खडकावर नाही, कोरड्यावरच पाय द्यायचा. कपारीत तिरप्या खडकांमध्ये परडीएवढा खळगा. भरतीला लाटा त्याच्यावरून जातात. त्या ओसरल्या की आतलं पाणी पुन्हा निवळ. जुन्या काळी इथलं पाणी तोंडात धरून, न सांडता वरच्या देवळापर्यंत चढायचं, मग इच्छा पुरी होते, असं सांगत. मी ओंजळ भरली. वरचे तुषार ओठांवर खारट, आणि पाणी गोड. खरोखर गोड.

एक घोट तोंडात धरून चढले. देऊळ आता नाही, गवतात नुसती त्याची जागा. तिथे उभं राहून समोर बघितलं तर बेट. पाठमोरं. त्याचा डोंगर आमच्याकडे, घरं आणि मठाचा मोडका मनोरा पलीकडच्या अंगाला. दिसत होता तो डोंगराचा माथा, त्यावर उतरलेलं ऊन.

तेव्हा मला गोपाळपूरची बारी आठवली, आणि खांद्यावरचा मावशीचा हात. पाणी गिळलं आणि हात जोडले.

तिथूनच मावशीला व्हिडिओ कॉल लावला. वाऱ्यानं काही ऐकू जाईना, म्हणून कॅमेरा नुसता बेटाकडे धरला. तिकडे तिनं पदर सावरून हात जोडलेले दिसले. रात्री पुन्हा फोन आला. "अगं, तिथे आत नेतात का आपल्या माणसांना?" म्हटलं, नेतात, सगळ्यांना नेतात. "मग आपण दोघी जाऊ. होडीत मी घाबरत नाही."

माझ्या यात्रेच्या पासपोर्टवर एन्ल्लीच्या शिक्क्याचा चौकोन रिकामा आहे. मावशीच्या खऱ्या पासपोर्टचा अर्ज गेल्या आठवड्यात भरला. पोलीस पडताळणी व्हायची आहे. विमानात टाळ नेता येतात का, एवढं तेवढं विचारून ठेव, म्हणालीय.