बारा जुने पीसी, एकही हार्डडिस्क नाही: शाळेच्या एलटीएसपी लॅबची नोंद

सामान: कोअर टू ड्यूओचे १२ पीसी (जी३१ बोर्ड, २ जीबी डीडीआर२ रॅम), त्यातल्या निम्म्यांच्या हार्डडिस्क मेलेल्या. सर्व्हरला चौथ्या पिढीचा आय५, १६ जीबी रॅम, २४० जीबी एसएसडी, दोन नेटवर्क कार्डं. १६ पोर्टचा गिगाबिट स्विच, कॅट-५ई केबल. डेबियन १२, एक्सएफसीई डेस्कटॉप.

एलटीएसपी म्हणजे एका लिनक्स सर्व्हरवरून बाकीचे पीसी (क्लायंट) नेटवर्कने सुरू करायची सोय. ती निवडण्यामागे मुख्य कारण वीज. क्लायंटला डिस्कच नसेल तर मध्येच लाइट गेली तरी फाइलसिस्टिम बिघडायचा प्रश्न येत नाही. यूपीएस फक्त सर्व्हर आणि स्विचला. नॉर्वेकडून आलेलं डेबियन एज्यु (स्कोलेलिनक्स) तयार मिळतं, पण ते स्वतःचं नेटवर्क, एलडॅप (खात्यांची मध्यवर्ती यादी) आणि कर्बेरॉस (ओळख तपासणारी यंत्रणा) घेऊन येतं. मोठ्या शाळेला ते शोभेल, बारा पीसींना फार होतं. केरळच्या शाळांतलं काइट जीएनयू/लिनक्सही चांगलं, फक्त मराठीची जुळणी आपल्यालाच करावी लागणार, मग साधं डेबियनच बरं.

पहिला आठवडा: नेटवर्कवरून बूट

आधी सगळ्या बोर्डांचे सीआर२०३२ सेल बदलून घ्यावेत. सेल मेला की बायॉस मूळ सेटिंगवर जातं आणि नेटवर्क बूट दर वेळी नव्याने लावावं लागतं. बायॉसमध्ये ‘ऑनबोर्ड लॅन बूट रॉम’ चालू करून एकदा रीस्टार्ट केल्याशिवाय बूटच्या यादीत लॅन दिसत नाही. इथे बरेच जण कार्ड खराब समजून बसतात.

सर्व्हरचं आतलं (लॅबच्या स्विचकडचं) कार्ड १९२.१६८.६७.१ वर, प्रॉक्सी-डीएचसीपी बंद, म्हणजे पीसींना आयपी पत्ते (डीएचसीपी) सर्व्हरच देतो. त्यानंतर ‘एलटीएसपी’ कमांडचे पाच भाग: डीएनएसमास्क (आयपी आणि बूट फाइल देतो), इमेज (सर्व्हरच्या सिस्टिमची एका फाइलीतली नक्कल), आयपीएक्सई (बूटचा मेनू), एनएफएस (इमेज नेटवर्कवर वाटतो), इनिटआरडी (बूटच्या सुरुवातीला पीसीवर उतरणारी छोटी फाइल). वेगळा साचा बनवायची गरज नाही, सर्व्हरवर जे इन्स्टॉल केलंय तेच इमेजमधून मुलांसमोर जातं. म्हणून सर्व्हरवर खासगी काही ठेवू नये.

पडद्यावर येणारे एरर कोड वाचले की अर्धं काम होतं. पीएक्सई म्हणजे कार्डातली नेटवर्क बूटची सोय. पीएक्सई-ई६१ म्हणजे केबल लागलेली नाही. ई५१ म्हणजे डीएचसीपीचं उत्तरच आलं नाही, डीएनएसमास्क चालू आहे का ते पाहावं. ई५३ म्हणजे आयपी मिळाला पण बूट फाइलचं नाव मिळालं नाही. त्या वेळी बहुतेक करून इंटरनेटच्या राउटरची केबल चुकून त्याच स्विचमध्ये खोचलेली असते आणि उत्तर राउटरने दिलेलं असतं.

बूटला पाच मिनिटं लागत होती. ‘एथटूल’ या कमांडने पाहिलं तर सर्व्हरचा वेग १०० दाखवत होता, १००० नाही. केबलमध्ये आठपैकी चारच तारा क्रिंप केलेल्या! १०० एमबीपीएसला चार तारा पुरतात, गिगाबिटला आठही लागतात. १०० एमबीपीएस (मेगाबिट) बारांत वाटले की प्रत्येकाच्या वाट्याला सेकंदाला जेमतेम १ एमबी (मेगाबाइट) येतो. केबल बदलल्यावर बूट एका मिनिटात.

दुसरा आठवडा: खाती

नवीन खातं उघडलं की ‘एलटीएसपी इनिटआरडी’ पुन्हा चालवायचंच. खात्यांची यादी इनिटआरडीतून जाते आणि पासवर्ड एसएसएचने (सुरक्षित दूर-लॉगिनच्या सोयीने) सर्व्हरवर तपासला जातो. यादी जुनी असेल तर बरोबर पासवर्डही चुकीचा ठरतो. सॉफ्टवेअर टाकलं असेल तर आधी इमेज नव्याने बनवायची.

लहान मुलांसाठी आपोआप लॉगिन ठेवलं आहे. एलटीएसपीच्या कॉन्फिग फाइलीत पासवर्ड बेस६४ मध्ये असतो. ते एन्क्रिप्शन नव्हे, कुणीही उलगडू शकतं, तेव्हा या खात्यांत चित्रं आणि खेळ याशिवाय काही नको.

तास सुरू होताना बाराही पीसी एकदम लॉगिन करतात आणि एखाददुसरा अडकतो. एसएसएचची ‘मॅक्सस्टार्टअप्स’ ही मर्यादा मुळात १०:३०:१०० असते. लॉगिन पूर्ण न झालेली दहा कनेक्शन साचली की पुढची ३० टक्के शक्यतेने नाकारली जातात. पहिला आकडा ३० केला, तक्रार संपली.

तिसरा आठवडा: मराठी

लोकेल (सिस्टिमची भाषा आणि प्रदेश) मराठी (भारत), यूटीएफ-८. लिब्रेऑफिस आणि फायरफॉक्स ईएसआरची मराठी पॅकेजेस वेगळी टाकावी लागतात. लोकेल हिंदी राहिलं तर नोटो फॉन्टमध्ये ल आणि श हिंदी वळणाचे दिसतात. बालभारतीच्या पुस्तकातला ल गिरवणाऱ्या पहिलीच्या मुलाला पडद्यावर दुसराच ल दिसणं बरं नाही.

कीबोर्डला यूएस पहिला, मराठी इनस्क्रिप्ट (भारतीय लिप्यांची प्रमाण कळरचना) दुसरा. उलट क्रम ठेवला तर पासवर्ड देवनागरीत टाइप होतो. ‘दऱ्या’ लिहिताना मुलं हमखास ‘दर्या’ लिहितात, कारण तिथे साधा र नको, नुक्त्याचा ऱ हवा. कळा अशा: ओ, शिफ्ट-जे, डी, तिरकी रेघ, ई. ही पट्टी छापून मॉनिटरखाली चिकटवली आहे.

चौथा आठवडा: मुलांचे प्रोग्राम

टक्स पेंट (मुलांचा चित्रकलेचा प्रोग्राम) उघडायला फार वेळ घेत होतं. नोटोच्या पॅकेजात जगभरच्या लिप्या आहेत आणि टक्स पेंट सुरू होताना सगळे फॉन्ट चाळतं. देवनागरीच्या तेवढ्या फाइली स्थानिक फॉन्ट फोल्डरमध्ये ठेवून पॅकेज काढलं. कॉन्फिगमध्ये आपोआप सेव्ह चालू, प्रिंट बंद. प्रिंट उघडी ठेवली तर काळ्या पार्श्वभूमीची चित्रं शाई संपवतात.

जीकॉम्प्री (शैक्षणिक खेळांचा संच) काही जी३१ बोर्डांवर नुसती काळी खिडकी दाखवतं. सॉफ्टवेअर रेंडररचा (ग्राफिक्स चिपऐवजी प्रोसेसरने चित्र काढण्याचा) पर्याय देऊन सुरू केलं की चालतं, थोडं संथ. त्याचं आपोआप डाउनलोड बंद करावं, नाहीतर आवाजाच्या त्याच फाइली प्रत्येक खात्यात वेगळ्या उतरतात आणि इंटरनेट तुंबतं.

मराठी विकिपीडिया किविक्सवर (इंटरनेटशिवाय विकिपीडिया दाखवणारा प्रोग्राम) सर्व्हरवरूनच दिला आहे. झिम फाइलीचं (त्यात सगळा विकिपीडिया असतो) फोल्डर इमेजमधून वगळायला विसरू नये. पहिल्यांदा विसरलं आणि इमेज अवाच्या सवा फुगली.

बाकी: २ जीबी रॅमवर फायरफॉक्सचे पाच-सहा टॅब उघडले की पीसी गोठतो. झेडरॅम (रॅममध्येच दाबून ठेवलेली जादा जागा) निम्म्या रॅमइतकं लावलं आहे, थोडा फरक पडला. डीडीआर२ च्या जुन्या स्टिक जुन्या बाजारात मिळतात, पण जोडी एकाच वेगाची शोधायची आहे.