पॅनलच्या मागचा गाळ

चिपळूणच्या बाजारपेठेलगत एका घराचं गॅरेज आतून नीट करायचं काम आलं. घरमालक काकांनी नमुने आधीच गोळा करून ठेवले होते. पीव्हीसी पॅनलचे दोन तुकडे, डब्ल्यूपीसीचा (लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक मिसळून केलेल्या पॅनलचा) एक आणि अमेरिकेतल्या मुलाने फोनवर पाठवलेला जिप्सम बोर्ड लावलेल्या गॅरेजचा फोटो. "यातलं कुठलं लावू, तेवढंच सांगा," असं त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, "काका, आधी जुनं पॅनल उघडू. भिंत बघितल्याशिवाय पॅनलचं नाव घेण्यात अर्थ नाही."

गॅरेज आतून 12 फूट रुंद, 20 फूट लांब, 10 फूट उंच. समोर शटर, तिन्ही बाजूंना नऊ इंची चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या भिंती. त्यावर लाकडी पट्ट्या ठोकून 12 मिलिमीटरचा साधा कमर्शियल प्लाय आणि वर लॅमिनेट. पट्ट्या पुरात बुडालेल्या जुन्याच; प्लाय आणि लॅमिनेट 22 जुलै 2021 च्या पुरानंतर काही आठवड्यांतच त्यांच्यावर बसवलेलं. उत्तरेकडच्या भिंतीवर खालच्या दोन फुटांत प्लाय फुगला होता आणि लॅमिनेटच्या कडा सुटल्या होत्या.

सुताराने तिथलाच खालचा स्क्रू सोडवायला घेतला, तर तो नुसताच फिरला. पट्टीत धरायला लाकूडच उरलं नव्हतं. शीट पुढे ओढल्यावर मागचं सगळं दिसलं. आडव्या पट्टीवर बोटभर जाडीचा गाळ, वशिष्ठी नदीने पुरात आणून टाकलेला. वरून कोरडा, तडे गेलेला; पण बोट खुपसलं तर आत ओला. मधे दोन पावसाळे उलटले होते, तरी तो सुकला नव्हता. पट्टीच्या मागून वाळवीच्या मातीच्या नळ्या कमरेपर्यंत चढलेल्या. प्लास्टरवर मांडीच्या उंचीपर्यंत लोणा, म्हणजे भिंतीतून फुटून आलेले क्षार, कापसासारखा मऊ, हात लावला की गळणारा.

पुरानंतर गॅरेज धुतलं होतं, पण चिरा सच्छिद्र असतो. आत मुरलेलं पाणी बाहेर पडायला महिने लागतात. भिंत इंचाला महिना या हिशोबाने सुकते, असा आमच्याकडचा ढोबळ अंदाज. नऊ इंची भिंतीवर काही आठवड्यांत प्लाय ठोकला म्हणजे ओल आत कोंडली. त्यात आडव्या पट्ट्यांनी मागची हवा अडवली आणि गाळ धरून ठेवला.

पण नुसता पूर असता तर दक्षिणेची भिंतही तशीच दिसायला हवी होती. तिथलं प्लास्टर खणखणीत होतं. म्हणून दोन्ही भिंतींवर दोन फूट बाय दोन फुटांचा प्लास्टिकचा कागद चारही बाजूंनी टेप लावून चिकटवला आणि दुसऱ्या दिवशी पाहिला. दक्षिणेचा कोरडा. उत्तरेच्या कागदावर भिंतीकडच्या अंगाने थेंब. थेंब खोलीकडच्या अंगाला असते तर ते हवेतल्या दमटपणाचे असते. भिंतीकडे आले म्हणजे पाणी भिंतीतून येतंय. लोणा असलेल्या भिंतीवर सुयांच्या ओलावा-मीटरवर भिस्त ठेवू नये. क्षारांतून वीज वाहते, मीटर वाटेल तेवढा आकडा दाखवतो. अशा ठिकाणी हा कागद खरं सांगतो.

बाहेर जाऊन पाहिलं तर त्या भिंतीला लागून बागेची माती दोन फूट चढवलेली आणि वरच्या पन्हळीचं पाणी थेट त्या मातीत. चिपळूणला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. आत काहीही लावलं तरी ही माती भिंतीला पाणी पाजत राहणार होती. म्हणून पहिला खर्च बाहेरच झाला. माती आतल्या फरशीच्या सहा इंच खाली उतरवली, भिंतीलगत उताराची गटार काढली, पन्हळीचा पाइप तिच्यात सोडला.

मग नमुन्यांकडे वळलो. जिप्सम बोर्ड मुलाला का आवडला ते समजण्यासारखं आहे. तिकडची घरं बहुतेक लाकडी सांगाड्याची. गॅरेजची आग घरात शिरू नये म्हणून तिथल्या निवासी बांधकाम संहितेत घराकडच्या बाजूला किमान अर्धा इंच जिप्सम बोर्ड लागतो, वर राहत्या खोल्या असतील तर छताला पाच अष्टमांश इंचाचा टाइप एक्स, म्हणजे आग जास्त वेळ अडवणारा बोर्ड. तिथे तो बोर्ड आग अडवायला आहे. आपली चिऱ्याची भिंत मुळात जळतच नाही; तिचा शत्रू पाणी. जिप्समचा हिरवा बोर्ड दमट हवा सोसतो, पण उभ्या पाण्यात किंवा ओल्या भिंतीला टेकून टिकत नाही. काकांनी विचारलं, "मग हिरवा म्हणजे वॉटरप्रूफ नव्हे?" नव्हे. हा गैरसमज दुकानातूनच सुरू होतो.

पीव्हीसी पॅनल पाण्याने खराब होत नाही, हे खरं. पण ते पोकळ असतं, गाडीचं दार आपटलं की भोक पडतं. त्यावर पाना-पक्कड टांगता येत नाही, आणि पेटलं तर हायड्रोजन क्लोराइडचा घुसमटवणारा धूर होतो. पेट्रोलच्या वाफा हवेपेक्षा जड, त्या जमिनीलगत साठतात. जिथे गाडी उभी राहते आणि स्कूटर चार्जिंगला लागते, तिथे भिंतीवर पीव्हीसी मी लावत नाही. डब्ल्यूपीसी जरा दणकट, पण ओल्या भिंतीवर दोन्ही सारखेच. मागची ओल झाकतात.

उत्तरेची भिंत उघडीच ठेवायची ठरली. लोणा कोरड्या ब्रशने झाडून गोळा केला. पाण्याने धुतला तर क्षार विरघळून परत आत जातात. ओलीच्या रेषेच्या वर दीड फुटापर्यंत, म्हणजे पाच फूट उंचीपर्यंत प्लास्टर फोडलं, चिऱ्यांचे सांधे अर्धा इंच खरवडले. तिथे 1:1:6 सिमेंट, चुना, वाळूचं प्लास्टर. शंभर चौरस फुटांना सव्वा पोतं सिमेंट, तेवढ्याच मापाचा चुना आणि साधारण नऊ घनफूट वाळू लागली. गवंडी 1:4 सिमेंट-वाळूचाच आग्रह धरत होता, "मजबूत होईल" म्हणून. पण घट्ट सिमेंट प्लास्टर ओल अडवतं, मग ती वर चढते आणि लोणा नव्या उंचीवर फुटतो. चुन्याच्या प्लास्टरमधून ती बाहेर पडते. वर चुन्याचे तीन हात. ऑइल पेंट किंवा प्लास्टिक इमल्शन तिथे नको, फोड येतात. फरशा फक्त नळाच्या कोपऱ्यात, कोरड्या भिंतीवर, सहा फूट बाय चार फूट. पॉलिमर अ‍ॅढेसिव्हची 20 किलोची एक पिशवी पुरली. ते खाचेच्या थापीने पूर्ण पसरवून लावायचं. मालाचे गोळे ठेवून फरशी चिकटवली की मागे पोकळी राहते आणि बंपर लागला की तिथेच फुटते.

हत्यारांसाठी दक्षिणेची भिंत घेतली. तिथे चार फुटांच्या वर छतापर्यंत 8 मिलिमीटरचे फायबर सिमेंट बोर्ड, आयएस 14862 या भारतीय मानकाचे, अ‍ॅस्बेस्टॉसविरहित. सहा बाय चारची शीट घेतली की 20 फुटांत बरोबर पाच बसतात, कापाकापी जवळजवळ नाही. कापायचंच असेल तर उघड्यावर आणि चांगला मास्क लावून, कारण त्या धुळीत सिलिका असते. मागे जीआयच्या (जस्ताचा थर दिलेल्या लोखंडाच्या) उभ्या पट्ट्या, 16 इंचांवर एक, एकूण 16. आडवी एकही नाही, म्हणजे हवा खालून वर जाते. खाली-वर अर्धा इंच फट सोडून जाळी लावली. स्क्रू स्टेनलेस, आठ इंचांवर एक, कडेपासून 12 मिलिमीटर आणि कोपऱ्यापासून 50 मिलिमीटर आत. शीटला 40, एकूण 200. कडेला जास्त जवळ मारला तर बोर्डाचा कोपरा तुटतो. सांध्यात 3 मिलिमीटर फट, ती पुट्टीने भरली नाही. अ‍ॅल्युमिनियमची पट्टी लावली.

चिऱ्यात भोक पाडताना ड्रिलचा हॅमर बंद ठेवावा लागतो, नाहीतर भोक मोठं होतं आणि प्लग फिरतो. जड हूकसाठी केमिकल अँकर (भोकात चिकट रसायन भरून पक्के बसवलेले बोल्ट) वापरले, बाकीचे पट्टीतच कसले. नुसत्या बोर्डात काही टांगलं नाही. स्कूटरचा चार्जर याच बोर्डावर, बटणं पाच फुटांवर.

पॅनल वर सरकवल्याने पूर टळत नाही. 2021 च्या पुराच्या पाण्याची रेघ या गॅरेजमध्ये सात फुटांवर आहे. म्हणून सगळं सुटं ठेवलं. पाणी आलंच तर वीज बंद करून, अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्या काढून, स्क्रू सोडून पाचही शीट उतरवायच्या, पट्ट्यांमागचा गाळ पाइपने धुवायचा, भिंत कागदाला कोरडी लागेपर्यंत उघडी ठेवायची आणि मग त्याच शीट त्याच भोकांत परत बसवायच्या. प्रत्येक शीटच्या मागे तिचा क्रमांक रंगाने लिहून दिलाय.